चासी एकच, बांधणी शेकडो

गणपतीला मुंबईहून पोलादपूर-कशेडीकडे निघालेल्या चाकरमान्याच्या सामानात हल्ली मखर आणि तोरणांबरोबर आणखी एक वस्तू असते: पुतण्यासाठी नाहीतर भाचीसाठी आणलेला ऑफिसातला जुना लॅपटॉप. मशीन तसं धडधाकट असतं. पडदा स्वच्छ, कळा शाबूत, बॅटरी तासभर तरी तग धरते. मग ऑफिसने तो काढला का? कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला, आणि विंडोज ११ ला त्यातला प्रोसेसर मान्य नाही. इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्या यादीतच बसत नाहीत. यंत्रात एकही दोष नसताना ते एका तारखेला म्हातारं ठरलं.

“त्यात लिनक्स टाक की,” असं कोणीतरी सांगतं. पोरगं शोधायला बसतं आणि चक्रावतं. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, झोरिन, मांजारो, आर्च, ओपनसुसे... नावं संपतच नाहीत. विंडोज एकाच कंपनीचं, मॅक एकाच कंपनीचं, मग लिनक्सच शेकडो कशी? ती करतं कोण? आणि फुकट का देतं? बहुतेक जण इथेच कंटाळून लॅपटॉप मिटतात. वाईट वाटतं, कारण खरी गंमत याच प्रश्नांच्या पलीकडे सुरू होते.

जरा आपल्या एसटीकडे बघा. महामंडळ टाटा किंवा अशोक लेलँडकडून वर्षानुवर्षं नुसती चासी घेत आलं. इंजिन, गिअर, चाकं, स्टिअरिंग, बस्स. वर छप्पर नाही, आसन नाही, खिडकी नाही. अंगाची बांधणी व्हायची दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत. तशाच चासीवर एकदा साधी लाल गाडी उभी राहायची, एकदा निमआराम हिरकणी. आपण गाडी ओळखतो ती रंगावरून आणि आसनांवरून. कशेडीचा घाट मात्र चढतं ते खालचं इंजिन.

लिनक्स हे काटेकोर बोलायचं तर फक्त ते खालचं. त्याला कर्नल म्हणतात. प्रोसेसरला कामं वाटणं, मेमरीचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोग्रामला देणं, कीबोर्डची कळ दाबली की ती योग्य ठिकाणी पोचवणं, हे सगळं तो मुकाट्याने करतो आणि पडद्यावर कधी दिसतही नाही. दिसतं ते वरचं: खिडक्या, मेन्यू, ब्राउझर, प्रोग्राम उतरवायचं दुकान. कर्नल आणि हे वरचं सगळं एकत्र बांधून जे पुडकं आपल्या हाती येतं, ते डिस्ट्रिब्युशन, म्हणजेच बोलीत डिस्ट्रो. उबुंटू आणि मिंट ही दोन इंजिनं नाहीत. त्या एकाच जातीच्या चासीवरच्या दोन बांधण्या आहेत.

ही चासी कोणत्या कारखान्यात तयार झाली? फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, ती काही फार मोठी होणार नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. आज कर्नलमध्ये तीन कोटींहून जास्त ओळी आहेत! एवढी वाढ कशाने झाली? १९९२ मध्ये टॉरवाल्ड्सने एक निर्णय घेतला. त्याने आपलं काम जीपीएल या परवान्याखाली मोकळं केलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमनचा. स्टॉलमन १९८३ पासून ‘ग्नू’ नावाची मुक्त प्रणाली उभारत होता, आणि त्याच्याकडे जवळजवळ सगळं तयार होतं, फक्त चालता कर्नल नव्हता. टॉरवाल्ड्सकडे नेमका तेवढाच होता. दोन खंडांत दोन माणसांनी वेगवेगळ्या हेतूंनी केलेली कामं अशी एकमेकांत चपखल बसावीत, याला योगायोग म्हणायचं की काय, हे तुम्हीच ठरवा.

जीपीएल सांगतो काय? वापरा, उघडून बघा, बदला, कॉपी काढून कोणालाही द्या. अट एकच: बदललेलं पुढे दिलंत तर घेणाऱ्यालाही हेच हक्क द्या. म्हणून आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत बसवलेला ‘ऐरावत’ हा महासंगणक २०२३ मध्ये जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आला, तोही लिनक्सवर चालतो. त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. आणि १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर जे छोटं हेलिकॉप्टर उडालं, त्या ‘इंजेन्युइटी’च्या आत मोबाइलमध्ये असतो तसला प्रोसेसर होता आणि त्यावर लिनक्स. मंगळावर चालणारी गोष्ट आपल्या पुतण्याच्या लॅपटॉपवर चालेल का, ही शंका यापुढे काढायची नाही.

मग शेकडो बांधण्या का झाल्या? कारण कर्नल नुसता हाती घेऊन करायचं काय? १९९३ मध्ये स्लॅकवेअर ही बांधणी आली ती २४ फ्लॉपींच्या रूपात. त्याच वर्षी १६ ऑगस्टला इयन मरडॉक नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. नाव मैत्रिणीचं आणि स्वतःचं जोडून केलेलं, डेब्रा अधिक इयन. डेबियन आजही कोणत्या कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. २०२३ च्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, होती. ही सगळी एकमेकांशी जुळवून, तपासून ठेवलेली! त्याच्या आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या खेळण्यांची असतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी आवृत्ती कायम अस्थिर असते तिचं नाव सिड. चित्रपटात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा आठवतो ना? तोच.

आता नावांचं जंगल विरळ होऊ लागतं. २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने डेबियन घेतलं, नवशिक्याला सोपं जाईल असं केलं आणि नाव दिलं उबुंटू. (हा गृहस्थ दोन वर्षं आधी स्वतःच्या पैशांनी अंतराळात जाऊन आला होता.) २००६ मध्ये क्लेमाँ लफेव्र यांनी उबुंटू घेतलं, विंडोजची सवय असलेल्यांना परकं वाटू नये असं सजवलं, ते लिनक्स मिंट. झोरिनही उबुंटूवरच उभं आहे. आपल्या सी-डॅकने २००७ मध्ये काढलेलं ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स, तेही डेबियनचंच. म्हणजे नवशिक्याला लोक जी नावं सुचवतात त्यातली बहुतेक एकाच घराण्यातली. चुलत्याकडे गेलात काय, आत्याकडे गेलात काय, आडनाव तेच. एका ठिकाणी शिकलेली आज्ञा दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी चालते. रेड हॅट-फेडोरा हे दुसरं मोठं घराणं, आर्च हे तिसरं. पहिल्या खेपेला त्यांच्या दारात गेलं नाही तरी काही बिघडत नाही.

का जाऊ नये? ताजं सॉफ्टवेअर चांगलंच असणार ना? आर्चसारख्या डिस्ट्रोत नवं सॉफ्टवेअर तयार झालं की लगेच दारात येतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तेच वर्ष-दोन वर्षं मुरून येतं. तरुण मनाला अर्थातच पहिलं आवडतं. पण मार्च २०२४ मध्ये काय घडलं ते ऐका.

अँड्रेस फ्रॉइंड नावाचे मायक्रोसॉफ्टमधले एक अभियंता डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेत होते. त्यांना दिसलं की दूरच्या संगणकात शिरायला लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाने वाढलाय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. ते मात्र खोदत गेले, आणि ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा साधनात त्यांना चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ गुणी मदतनीस म्हणून वावरत त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. तो जिआ टॅन हे नाव लावायचा. त्या नावामागे कोण होतं ते आजही समोर आलेलं नाही. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी शोध जाहीर केला तोवर ते विषारी सॉफ्टवेअर डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोराच्या प्रायोगिक आवृत्तीत, ओपनसुसेच्या सतत ताज्या राहणाऱ्या शाखेत पोचलं होतं. स्थिर आवृत्त्यांत? तिथे ते पोचलंच नव्हतं. आणखी काही महिने उलटले असते तर जगातल्या असंख्य सर्व्हरांची कुलपं एकाच किल्लीने उघडली असती. उघड्या कोडमुळे अर्ध्या सेकंदाचा माग काढता आला, आणि मुरवून घ्यायच्या सवयीमुळे सामान्य वापरणारा वाचला. पहिला डिस्ट्रो निवडताना ‘एलटीएस’ म्हणजे दीर्घ आधाराची आवृत्ती घ्या, असं जाणते सांगतात त्यामागचं एक कारण हे. उबुंटूची अशी आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलात निघते आणि तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मिंट तिच्यावरच बांधलेलं असतं.

नवशिक्या म्हणजे कोण, याचं रायगड जिल्ह्यातलंच एक उदाहरण मला फार आवडतं. कर्जत तालुक्यातल्या खैराट गावी एकशिक्षकी, एकखोलीची मराठी शाळा आहे. २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग तिथे झाला. पोरांच्या हाती हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांतला प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, मेमरी २५६ एमबी, साठवण १ जीबी. आजचा सगळ्यात स्वस्त स्मार्टफोनही याच्या कित्येक पट ताकदीचा. आणि या चिमुकल्या यंत्रात होतं काय? फेडोरा! जाणते नवशिक्याला देताना चारदा विचार करतात त्याच घराण्यातलं.

पण पोरांना ते फेडोरा म्हणून दिसलंच नाही. वर ‘शुगर’ नावाची अगदी निराळी बांधणी चढवली होती. फाइल नाही, फोल्डर नाही. पडद्याच्या मध्यभागी मुलाची स्वतःची खूण, तिच्याभोवती गोलाकार मांडलेली कामं: रंगव, लिही, वाजव, मोज. केलेलं प्रत्येक काम आपोआप रोजनिशीत नोंदलं जायचं, ‘सेव्ह’ करायची कटकट नाही. एक पायरी मागे सरकलं की आजूबाजूच्या लॅपटॉपवरचे सवंगडी पडद्यावर दिसायचे, कारण ही यंत्रं इंटरनेट नसतानाही एकमेकांशी थेट बोलत. मागचा दिवा बंद केला की पडदा भर उन्हातही वाचता यायचा. झाकणावरच्या खुणेचे रंग चारशे जोड्यांतले, म्हणजे कोणाचा कोणता यावर भांडण नको. आणि कीबोर्डवर चक्क एक कळ अशी होती की ती दाबली तर समोर चाललेल्या कामाचा सोर्स कोड बघता यावा अशी कल्पना. चौथीपर्यंतच्या पोराला ‘हे आतून कसं आहे ते बघ’ म्हणणारी कळ! शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात दोनशेच्या घरात गेला, आणि भारत सरकारने तर २००६ मध्येच त्याला नकार दिला होता. प्रकल्पाची गणितं चुकली, हे मान्य. तरी खैराटच्या पोरांनी ‘कोणता डिस्ट्रो चांगला’ यावर एक मिनिटही घालवलं नाही हे विसरू नका. हाताला काय लागतं ते वरची बांधणी ठरवते.

म्हणून तुमचीही खरी निवड ही वरच्या बांधणीची. तिला डेस्कटॉप म्हणतात. मिंटचं सिनॅमन विंडोजच्या जवळ जातं: खाली पट्टी, डावीकडे मेन्यू. एमएस-सीआयटीत विंडोज शिकलेल्या ताईला ते परकं वाटत नाही. एक्सएफसीई साधं आणि हलकं, कमी मेमरीत धावतं. केडीईत हवं ते हवं तसं बदलता येतं, इतकं की बदलण्यातच संध्याकाळ जाते. उबुंटूचं ग्नोम देखणं, पण त्याला सढळ मेमरी लागते. आणि गंमत अशी की एका डिस्ट्रोवर दुसरा डेस्कटॉप चढवता येतो. एसटीत बसल्या बसल्या गाडीची आसनं बदलून घ्यावीत तसा प्रकार!

आता सगळ्यात मोठ्या चमत्काराकडे येऊ. हे सगळं बघायला लॅपटॉपमधल्या एकाही फाइलला हात लावावा लागत नाही.

पेनड्राइव्हवर डिस्ट्रो चढवा, लॅपटॉपला लावा, सुरू करताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडा. आत काय होतं? यंत्राचं फर्मवेअर पेनड्राइव्हवरचा छोटा प्रोग्राम उचलतं. तो कर्नल मेमरीत आणतो. कर्नल जागा होतो आणि आपण कोणत्या यंत्रात आहोत हे चाचपू लागतो: इथे वाय-फाय आहे, हे साउंड कार्ड, हा कॅमेरा. मग पेनड्राइव्हवरची एक मोठी, करकचून दाबलेली फाइल तो उघडतो. त्या फाइलीत अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, ऑफिस, ब्राउझर असं सगळं असतं. ती पूर्ण उलगडत नाही, जो तुकडा लागेल तेवढाच त्या क्षणी उलगडला जातो. आणि ती फक्त वाचता येते. मग तुम्ही त्यात नवी फाइल लिहिलीत तर? कर्नल त्या फाइलीवर मेमरीतला एक पारदर्शक थर पसरतो. तुमचं लिखाण त्या थरावर उमटतं, खालचं जसंच्या तसं. तुम्हाला दोन्ही मिळून एकच दिसतं. यंत्र बंद केलं की थर गेला. लॅपटॉपच्या डिस्कला याची खबरही नसते. २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’ने एका ७०० एमबीच्या सीडीत जवळपास दोन जीबीचं सामान असं दाबून भरलं, तेव्हा लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. आज उबुंटू, मिंट, फेडोरा, सगळे हेच करतात.

हे उतरवून घेण्याचंही एक शास्त्र आहे. कधीकाळी डायल-अप मोडेमने एक सीडी उतरवायची तर ५६ केबीपीएसचा वेग अखंड मिळाला तरी पंचवीस तासांहून जास्त लागायचे. म्हणून नव्वदच्या दशकात पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीची लोक वाट बघायचे, आणि पुढे उबुंटू मागेल त्याच्या घरी टपालाने फुकट सीडी धाडायचं. २०११ मध्ये ते थांबलं. आता मिंट तीन जीबीच्या आसपास, उबुंटू जवळपास दुप्पट. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर घाटातल्या वाडीत हे जड जातं. पण इथे जीपीएल मदतीला येतो. महाडला कोणी उतरवून घेतलं असेल, लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या ताई-दादाकडे असेल, त्यांच्याकडून कॉपी घ्या. इथे कॉपी करून देणं चोरी ठरत नाही, तो परवान्यानेच दिलेला हक्क आहे.

मात्र कॉपी अस्सल आहे का हे तपासा. प्रत्येक डिस्ट्रो आपल्या फाइलचा एक ठसा जाहीर करतो, अक्षरं आणि आकडे मिळून ६४ खुणांचा. तीन जीबीतला एक बिट, म्हणजे सुमारे अडीच हजार कोटींतला एक शून्य, इकडचा तिकडे झाला तरी तो अख्खा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. ही उगाच भीती नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि लोक काही तास चोरदरवाजा असलेली फाइल उतरवत होते. चाचणीची आज्ञा एका ओळीची आहे. ठशावरची डिजिटल सहीही पडताळलीत तर आणखी उत्तम.

मराठीचं काय? इथे मी नेहमी थबकतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ असे दोन शब्द टाइप करून बघा. कशेडीला पहिलं आहे, समुद्रकाठच्या हर्णैला दुसरं. दोन्हींत अर्धा र आणि पुढे य. ‘दर्या’त र डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘दऱ्या’त पापणीच्या केसासारखा वाकडा होऊन य ला चिकटतो. संगणकाला कसं कळतं? युनिकोडमध्ये या पापणीसारख्या र साठी वेगळी सोय आहे, आणि ‘हार्फबझ’ नावाची मुक्त आज्ञावली फॉन्टमधले नियम वाचून कोणतं अक्षर कुठे सरकवायचं, कुठे जोडायचं ते ठरवते. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, दिसते मात्र आधी, ही करामतही तिचीच. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइड, सगळे तिच्यावर विसंबतात. फॉन्टही मुक्त आहेत: रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित’ मूळचा पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा, ‘मुक्त’ आणि ‘बलू’ मुंबईच्या ‘एक टाइप’चे. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडला की इन्स्क्रिप्ट तयार, इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी उच्चारानुसारची सोयही आहे. मेन्यूंचं मराठी भाषांतर मात्र जागोजागी अपुरं आहे. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बघायची तयारी ठेवा, नाहीतर मेन्यू इंग्रजी ठेवून लिखाण मराठीत करा.

कोणी लिनक्सकडे वळू नये? ज्याचं पोट टॅली, कोरलड्रॉ, पेजमेकर किंवा जुन्या श्रीलिपीच्या फाइलींवर आहे, त्याने कामाचं मशीन बदलू नये. सेवा केंद्रावर अंगठ्याचं यंत्र वापरणाऱ्याने आधी त्या यंत्राचा ड्रायव्हर लिनक्सला आहे का हे बघावं, बहुधा तो विंडोजपुरताच असतो. शाळेचा अभ्यास, पत्रं, हिशेब, व्हिडिओ, प्रोग्रामिंग शिकणं, यासाठी अडचण येत नाही.

तर माझा निकाल असा. मेमरी ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. ८ असेल तर मिंट सिनॅमन, किंवा शेजारी उबुंटू वापरणारं कोणी असेल तर उबुंटू, कारण अडलं की धावत येणारं माणूस कोणत्याही वैशिष्ट्यापेक्षा मोठं. बॉसचा मला अभिमान आहे, पण अडल्यावर उत्तरं देणारी माणसं उबुंटू-मिंटला कितीतरी जास्त, म्हणून पहिल्या खेपेला ते नको. आर्चकडे वर्षभराने बघा. बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवा, आणि विंडोज बिटलॉकरने बंद असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. मग पेनड्राइव्हवरून सुरू करून वाय-फाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतोय का बघा, मराठीत चार ओळी टाइप करा. सगळं चाललं तरच ‘इन्स्टॉल’ दाबा. आणि काम झालं की तो पेनड्राइव्ह पुसू नका, वाडीत पुढच्या घरी द्या.